दोन पुस्तकें, एक घर

गेल्या चातुर्मासांत जवळा बाजार येथील आमच्या ओसरीवर बसून मीं दोन जुनीं पुस्तकें वाचलीं. पहिलें, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी. १८९० सालीं निघालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. दुसरें, रमाबाई रानड्यांचें १९१० सालचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’.

यमू कल्पित, रमाबाई खऱ्या. दोघींचेही पति त्यांस हौसेनें वाचावयास शिकवितात. दोघींनाही घरांतील बायकांचे टोमणे सोसावे लागतात. पुढें मात्र वाटा फुटतात. वैधव्य आल्यावर यमूचें केशवपन बळजबरीनें होतें. उलट १९०१ सालीं न्यायमूर्ति निवर्तल्यावर रमाबाई पुढें पुण्याच्या सेवासदनाचा भार वाहतात. कादंबरीनें घरोघर काय घडत होतें तें दाखविलें, आठवणींनीं काय घडूं शकलें तें. एकीवांचून दुसरीचें मोल कळत नाहीं.

हीं पुस्तकें मी सौभाग्यवतीस वाचून दाखवीत होतों. तिची शाळा चौथीनंतर सुटली. एके सायंकाळीं ती म्हणाली, “तुम्ही साऱ्या गांवचीं मुलें शिकविलींत, मला कधीं विचारलेंत का?” मजपाशीं उत्तर नव्हतें.

आतां ‘आठवणी’ तीच वाचते, अडखळत, मी ऐकतों. न्यायमूर्तींनीं १८७३ सालीं विवाह होतांच जें आरंभिलें, तें या शिक्षकास साठीनंतर सुचलें. आपल्या घरीं असा उशीर झाला असल्यास, श्रोतेहो, आणखी करूं नये, एवढीच विनंति.