परत येईन म्हणणारा



बोलायला पाच मिनिटं मिळाली आहेत, तेव्हा एकाच बाईंविषयी बोलतो. पंडिता रमाबाई.

1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या संस्कृतच्या नावाजलेल्या पंडिता होत्या. वादात हार जाणाऱ्या नव्हत्या. लंडनमध्ये फुलहॅमला सिस्टर्सच्या आश्रमात त्यांनी पाहिलं, की समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेनं वागवतात. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. आधी काम दिसलं, शुभवर्तमान मागाहून आलं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावला ठेवल्या. नुसतं जेवू घातलं नाही. विणकाम, शेती, छपाई शिकवली. अंध मुलींना ब्रेलसुद्धा.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवा. तो जखमी माणसाला उतारशाळेत पोचवतो, दोन नाणी देतो आणि म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. हे परत येणं आपण वाचताना हमखास गाळतो.

आपला एक वर्गमित्र दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. वर्गणी जमली, छान झालं. पण वहिनी नोकरीला जातात आणि दुपारी तो एकटा असतो. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. जमेल तो वार लिहा. बुधवार माझा.