घरबसल्या कामाचे आमिष
(वाई येथील भाषणाचा मजकूर)



कृष्णाकाठच्या या वाईत शिकलेल्या तरुणापुढे पुण्या-मुंबईची वाट नेहमीचीच. ज्यांना घर सोडता येत नाही, अशा लेकुरवाळ्या स्त्रीला किंवा निवृत्त कर्मचाऱ्याला आज भ्रमणध्वनीवर संदेश येतो : घरबसल्या काम, दिवसाला दोन-तीन हजार. जे फसतात त्यांना लोभी म्हणणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे आहे. त्यांनी काम मागितले होते, घबाड नव्हे.

घरबसल्या काम महाराष्ट्राला नवे नाही. सोलापूरच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळत आल्या. पाने व तंबाखू कारखान्याने द्यावयाची, विड्या कामगाराने, आणि मजुरी पुन्हा कारखान्याने, असा तो व्यवहार. त्यातही विड्या नापास ठरवून मजुरी कापली जाई. म्हणूनच १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात अशा तंट्यांच्या निवाड्याची तरतूद करावी लागली. शोषण होतेच, पण मालकाला नाव होते, कारखान्याला दार होते आणि त्या दारावर मोर्चा नेता येत होता.

आजच्या ठकाला नाव नाही आणि दारही नाही. चित्रफिती पसंत करण्याचे शेदीडशे रुपये तो प्रथम खरोखरच देतो. विश्वास बसला की मोठ्या कामासाठी आगाऊ रक्कम मागतो. पडद्यावर कमाईचा आकडा फुगत जातो. ती काढू गेल्यास 'कर' म्हणून आणखी पैसे मागितले जातात. दुसरा प्रकार मजकूर टंकलिखित करण्याचा : चुका दाखवून कराराचा भंग झाल्याची खोटी नोटीस धाडायची व दंड उकळायचा. तिसरा प्रकार बँकेचे खाते वापरावयास मागण्याचा. त्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि चौकशी खातेदाराची होते.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने असली शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले. त्यांचे लक्ष्य निवृत्त कर्मचारी, स्त्रिया आणि बेकार तरुण हेच होते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने सांगितले की, म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना डांबून त्यांच्याकडून असे गुन्हे करवून घेतले जात असावेत. त्यांतील अनेकांना नोकरीचेच आमिष दाखवून नेले होते. म्हणजे तारेच्या दोन्ही टोकांना कामाच्या शोधात निघालेला माणूस!

म्हणून कसोटी एकच ठेवावी : मजुरी देणारा मजुराकडून पैसे घेत नाही. नोंदणी, अनामत, प्रशिक्षण, कर, नाव कोणतेही असो, पैसा उलट दिशेने वाहू लागला की ते काम नव्हे. फसगत झालीच तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेस सांगावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते.

लाजेने गप्प बसलेला माणूस ठकाच्या सोयीचा असतो. विडी कामगार स्त्रिया एकत्र आल्या तेव्हाच त्यांचे गाऱ्हाणे कायद्यापर्यंत पोचले. घरोघरी एकट्या पडलेल्या या नव्या कामगारालाही प्रथम उपदेश नको. संघटनेची सोबत हवी.