सुट्टी आणि तंजावरची भिंत



सुट्टी जवळ आली की आमच्या घरांतून समुद्रकाठच्या रिसॉर्टची चौकशी सुरू होते. थकल्याभागल्या माणसाने चार दिवस लाटा पाहत पडून राहावे, यात गैर काही नाही. पण तीच खोली, तोच पोहण्याचा तलाव, तोच सकाळचा बुफे. गावाची पाटी बदलली तरी आमच्या ध्यानात येऊ नये!

म्हणून आम्ही तंजावरची शिफारस करतो. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केलेले बृहदीश्वराचे देऊळ तेथे आहे. शिखर पाहताना मान अवघडते खरी. परंतु मराठी माणसाचे पाय थबकतात ते आवारातल्या एका भिंतीपाशी. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तिच्यावर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. त्याआधी चारच वर्षे, १७९९ च्या तहाने, राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला होता. राज्य गेलेला राजा आपल्या कुळाची कथा दगडावर लिहवितो, आणि तीही चोळांचे तमिळ लेख अंगावर वागविणाऱ्या देवळात! हा अभिमान म्हणावा की आकांत? आमचे तर यावर एकमत होत नाही.

पुढे सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो की तेथला मोडी कागदांचा संग्रह आमची आणखी परीक्षा घेतो. आजोबांची लिपी, आणि नातवंडांना एक ओळ लागू नये?

तेवढे उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, डिसेंबर-जानेवारी बरा. आणि लाटा हव्याच असतील, तर नागपट्टणचा किनारा काही फार दूर नाही. भिंत वाचून झाल्यावर खुशाल जावे.