चिरेखाणीतील यंत्र आणि यंत्रचालक

वाशिष्ठी नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे तिच्या दक्षिण तीरावर अंजनवेल हे गाव वसले आहे. पलीकडच्या तीरावर दाभोळचे पुरातन बंदर आणि अलीकडे सड्यावर गोपाळगड. अठराव्या शतकाच्या मध्यास तुळाजी आंग्रे यांनी हा किल्ला सिद्दीकडून जिंकून घेतला व त्यास हे नाव दिले. किल्ल्याचा तट जांभ्या दगडाचा, आणि जमिनीच्या बाजूस खोदलेला खंदकही जांभ्यातच उतरलेला. हे काम ज्यांनी केले त्यांच्यापाशी टिकाव, पहार आणि स्वतःची पाठ यांखेरीज दुसरे साधन नव्हते. त्याच सड्यावर १९९० नंतरच्या दशकात विजेचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला, तेव्हा जमीन सपाट करावयास अवजड यंत्रे आली. रत्नागिरी जिल्ह्यातील चिरेखाणींतही आता टिकावाची जागा बहुतांशी यंत्राने घेतली आहे. यंत्राने माणसाचे कष्ट पुष्कळ कमी केले, यात शंका नाही. तथापि कष्ट कमी होणे आणि धोका कमी होणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

प्रथम या दगडाचाच स्वभाव पाहावयास हवा. फ्रान्सिस ब्यूकॅनन या प्रवासी संशोधकाने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत मलबारातील अशाच दगडाचे वर्णन करून त्यास विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. नाव समर्पक होते, कारण जमिनीतून काढताना हा दगड मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात राहिल्यावर कठीण होतो. विटेसारखा कापता येतो म्हणूनच कोकणातील घरे, गडगे, विहिरी आणि देवळे त्याची झाली. परंतु सड्याचा वरचा थर जितका घट्ट, तितका खालचा नसतो. खाली सच्छिद्र दगड आणि त्याखाली चिकट माती लागते. पावसाळ्यात खाणी पाण्याने भरतात. पाणी ओसरल्यावर काठ वरून पूर्वीसारखाच भक्कम दिसतो, पण आतून पोखरलेला असू शकतो. पहार घेतलेल्या माणसाचे वजन असा काठ सोसतो. वीस टनांचे खोदयंत्र, ज्यास सर्वत्र पोकलेन म्हणतात, ते त्याच काठावर येऊन उभे राहिले म्हणजे हिशेब निराळा होतो.

चिरा कापण्याचे यंत्र रुळांवरून सरकते. त्याचे गोल पाते जमिनीत आडव्याउभ्या रेघा पाडीत जाते आणि मग पहारीने चिरा उचटून काढतात. एका चिऱ्याचे वजन तीस किलोच्या आसपास भरते. या यंत्रावरील दुखापतींचा मोठा भाग बोटांचा व हाताचा. पात्यात खडा अडकतो, चालक यंत्र बंद करतो आणि खडा काढण्यास हात घालतो. परंतु वीज किंवा इंजिन थांबले तरी पाते तत्काळ थांबत नाही, ते आपल्या वेगाने काही क्षण फिरतच राहते. त्या क्षणांत बोट जाते. पात्यावर लोखंडी आच्छादन असावे, हे सर्वांस ठाऊक असते. पण आच्छादन असले म्हणजे अडकलेला खडा काढावयास वेळ लागतो, आणि जेथे मजुरी चिऱ्याच्या नगावर ठरते तेथे वेळ म्हणजे पोटाचा घास. म्हणून आच्छादन काढून ठेवले जाते. याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वास्तविक ही मजुरीच्या पद्धतीने शिकविलेली घाई होय.

खोदयंत्र आणि डंपर यांचे धोके आणखी निराळे. चालकाच्या आसनावरून यंत्राच्या पाठीमागचा बराच भाग दिसत नाही, आणि यंत्र मागे घेताना तेथे कोणी उभे असल्यास गोंगाटात त्याची हाकही पोहोचत नाही. उंच आसनावरून उतरताना चालक पाठ फिरवून उडी मारतो आणि घोटा किंवा गुडघा दुखावतो. यंत्राकडे तोंड करून, दोन हात व एक पाय सदैव आधारावर ठेवून उतरण्याची साधी शिस्त त्यास कोणी शिकविलेली नसते. काठ ढासळून यंत्र उलटले, तर चालक बहुधा बाहेर उडी घेण्याचा प्रयत्न करतो आणि त्याच यंत्राखाली सापडतो. अशा प्रसंगी त्याचे रक्षण मजबूत चौकट आणि कमरेचा पट्टा यांनीच होते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली, आणि पुढील काळात तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू झपाट्याने घटले.

या झाल्या डोळ्यांस दिसणाऱ्या दुखापती. न दिसणाऱ्या दुखापतींकडे लक्ष जाण्यास फार उशीर लागतो. अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडीच्या दगडाचे मोठे काम चाले. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे तेथे आले आणि कारागिरांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होऊ लागली. १९१८ साली डॉ. अॅलिस हॅमिल्टन या विदुषीने त्यांची तपासणी करून दोष यंत्राच्या कंपनाचा असल्याचे दाखविले. अवजड वाहनाच्या आसनावर बसलेल्या चालकास हेच कंपन बोटांऐवजी सर्व शरीराला सोसावे लागते. सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या हेलकाव्यांना मनुष्याचा पाठीचा कणा विशेष दाद देतो, आणि खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या यंत्रांचे हादरे नेमके त्याच पट्ट्यात येतात. आसनाची स्प्रिंग तुटलेली, तिच्यावर गोणपाट टाकलेले, आणि दिवसाचे आठदहा तास. अशी काही वर्षे गेल्यावर तरण्याबांड चालकाची कंबर म्हाताऱ्यासारखी धरू लागते.

येथेच कायद्याचा प्रश्न उभा राहतो. नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. त्याच्या परिशिष्टात तुटलेल्या अवयवांचे मोल टक्क्यांनी मांडलेले आढळते: अंगठा गेल्यास कमाईच्या शक्तीत ३० टक्के घट, तर्जनी पुरती गेल्यास १४, एका हाताची चार बोटे गेल्यास ५०. तुटलेले बोट दाखविता येते. पण दहा मालकांकडे दहा वर्षे काम केलेल्या चालकाची झिजलेली कंबर कोणत्या खाणीत झिजली, हे त्याने कसे सिद्ध करावे? घाटावरून किंवा कर्नाटकातून हंगामापुरता आलेला, पावसाळा लागताच गावी परतणारा मजूर तर या वाटेस फिरकतही नाही.

दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. १९५२ च्या खाण अधिनियमाने जांभा, मुरूम, इमारती दगड इत्यादींच्या उघड्या खाणींना बहुतेक कलमांतून सूट दिली होती. अट एवढीच, की खोली सहा मीटरांहून अधिक नसावी, एका दिवशी पन्नासाहून अधिक माणसे कामावर नसावीत आणि सुरुंग वापरले जाऊ नयेत. ज्या काळी खाण म्हणजे माणसे आणि टिकाव, त्या काळी हे माप योग्यच होते. परंतु यंत्राने माणसांची संख्या घटविली आणि जांभ्यास सुरुंग लागतच नाही. परिणामी सहा मीटरांहून उथळ खाणीत सातआठ माणसे, एक पोकलेन आणि दोन पाती भरधाव चालत असली, तरी ती खाण कायद्याच्या दृष्टीने लहानच ठरे. पुढे २०२० च्या संहितेने या अधिनियमाची जागा घ्यावयाची ठरविली. कायद्याचे नाव कोणतेही असो, धोक्याचे माप माणसांच्या संख्येवरून न करता यंत्राच्या शक्तीवरून केले पाहिजे, हा मुद्दा त्याने मिटत नाही.

उपाय दुर्मीळ वा महागडे नाहीत. पात्यावर आच्छादन आणि ते निघताच यंत्र थांबविणारी कळ. काठापासून तीन मीटरपर्यंत सैल दगड वा झाड न ठेवण्याचा १९६१ च्या खाण नियमावलीतील नियम. काठाखाली पोखरण्यास बंदी. यंत्र मागे घेताना इशारा देणारा एक माणूस. धड आसन, कमरेचा पट्टा आणि दोन तासांनी थोडी विश्रांती. या सर्वांचा खर्च चिऱ्यांवर वाटला, तर एका चिऱ्यामागे तो अल्पच पडेल.

मुंबईपुण्याची सुशिक्षित कुटुंबे आज मोठ्या हौसेने कोकणात जांभ्याची घरे बांधतात. भिंतीचा तांबूस रंग आणि उन्हाळ्यातील गारवा यांचे कौतुक योग्यच आहे. चिऱ्याचा भाव ठरविताना तो कोणत्या खाणीतून आला आणि तेथील पात्यावर आच्छादन आहे की नाही, एवढे दोन प्रश्न ग्राहकाने विचारले, तर खाणमालकास त्यांचे उत्तर तयार ठेवावे लागेल. सरकारी निरीक्षक जेथे पोहोचत नाही, तेथेही गिऱ्हाइकाचा प्रश्न पोहोचतो.