पैसा बोलतो, पण मत देतो का?

आज सुरुवातीलाच एक कबुली देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी एक पैज हरलो.

पैज साधीच होती, मिसळीची. मित्र म्हणाला, ट्रम्प येणार. मी म्हटलं, हॅरिस. माझं गणित असं होतं: जुलैमध्ये बायडन यांनी माघार घेतली, कमला हॅरिस उभ्या राहिल्या आणि तीन महिन्यांच्या आत त्यांच्या बाजूने शंभर कोटी डॉलरपेक्षा जास्त निधी जमला. आपल्या पैशात आठ हजार कोटींच्या वर! सभा तुडुंब भरलेल्या, माझ्या फोनवर रील्स त्यांच्याच. पैसा आहे, उत्साह आहे, अजून काय पाहिजे?

निकाल लागला. ट्रम्प ३१२, हॅरिस २२६. चुरशीची म्हणून गाजलेली सातही राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली. मिसळीचं बिल मी भरलं, आणि त्या गड्याने वर दोन पाव जास्त मागवले. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न: एवढा पैसा मग नेमकं काय विकत घेतो?

आधी थोडी जुनी उदाहरणं बघू. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षात जेब बुश उभे होते. वडील राष्ट्राध्यक्ष, भाऊ राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या बाजूच्या सुपर पॅकने, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून अमर्याद पैसा जमवू शकणाऱ्या गटाने, मतदान सुरू होण्याच्या कितीतरी आधी दहा कोटी डॉलर गोळा केले होते. फेब्रुवारीत साउथ कॅरोलिनाचा निकाल आला आणि त्याच रात्री बुश यांनी गाशा गुंडाळला.

२०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग. न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश. डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी स्वतःच्या खिशातून शंभर कोटी डॉलरच्या आसपास घातले. साधारण शंभर दिवसांत खेळ खल्लास. जिंकले कुठे? अमेरिकन समोआ. प्रशांत महासागरातली छोटी बेटं. बस्स.

आपल्या माणसाचंही एक उदाहरण आहे. श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे उद्योजक. २०१८ मध्ये त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागितली आणि स्वतःचे जवळपास एक कोटी डॉलर खर्च केले. ही राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नव्हती, पण धडा तोच. पैशामुळे राज्यभर नाव झालं, पण प्रायमरीत क्रमांक आला तिसरा. नंतर डेट्रॉइटमधून ते आधी राज्याच्या विधिमंडळात आणि मग २०२२ मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले.

म्हणजे पैसा नाव कानावर घालतो, पण पसंती आणून देत नाही. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला पहिला एक कोटी फार कामाचा. ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन यांना कोण ओळखत नव्हतं? तिथे शंभरावी जाहिरात पाहून कोणाचं मत बदलणार?

तुम्ही म्हणाल, ओबामांचं काय? बरोबर प्रश्न. २००८ मध्ये ओबामांनी सरकारी प्रचारनिधी नाकारला. समोर मॅककेन यांनी तो घेतला, त्यामुळे मुख्य निवडणुकीत ते ८ कोटी ४१ लाख डॉलरच्या मर्यादेत अडकले. ओबामांची पूर्ण मोहिमेतली जमा ७४ कोटींच्या घरात गेली. पण त्यात लाखो लोकांची छोटी छोटी वर्गणी होती. गणपतीला जसं कोणी एकावन्न देतो, कोणी एकशे एक, तसं. आणि वर्गणी देणारा माणूस नंतर मांडवात कामालाही येतो. तिथे आधी उत्साह आला, मागून पैसा आला. आपण बातमी उलटी वाचतो.

बरं, मग उत्साहच सगळं ठरवतो का? तसंही नाही! २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांच्या सभांना तोबा गर्दी. सरासरी देणगी सत्तावीस डॉलर, हा तर त्यांचा नाराच झाला होता. तरी उमेदवारी क्लिंटनना मिळाली. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या सभांना मैदानं भरत होती आणि कोविडमुळे बायडन यांच्या सभेत लोक गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. जिंकले बायडन, आठ कोटींहून जास्त मतांनिशी. सभेत पाच तास रांगेत उभा राहणारा आणि शेवटच्या दिवशी नाइलाजाने मत टाकून येणारा, दोघांचं मत एकच मोजलं जातं.

शिवाय राग हाही उत्साहच असतो. २०२० मध्ये मतदान साधारण ६६ टक्क्यांवर गेलं, १९०० नंतरचं सर्वाधिक. त्यातले कितीतरी जण बायडन आवडतात म्हणून नाही, ट्रम्प नकोत म्हणून बाहेर पडले होते.

आता लोकप्रियतेकडे या. २०१६ मध्ये दोन्ही उमेदवार लोकांना फारसे आवडत नव्हते. मतदानोत्तर चाचणीत साधारण १८ टक्के मतदारांनी सांगितलं, आम्हाला दोघंही नापसंत. या नाराज लोकांत ४७ टक्के ट्रम्पकडे गेले आणि ३० टक्के क्लिंटनकडे. देशभरात क्लिंटनना जवळपास २९ लाख मतं जास्त पडली, पैसाही त्यांच्याकडेच जास्त होता. तरी हरल्या. कारण तिथे राज्यागणिक हिशेब होतो. एकूण ५३८ इलेक्टोरल मतं, जिंकायला २७० हवीत.

मिशिगन राज्य क्लिंटन किती मतांनी हरल्या माहितीये? १०,७०४. आता त्याच राज्यातली वेन काउंटी बघा. डेट्रॉइट शहर तिथेच येतं. २०१२ मध्ये ओबामांना तिथे ५ लाख ९५ हजार मतं होती. क्लिंटनना पडली ५ लाख १९ हजार. पंचाहत्तर हजारांहून जास्त मतं गेली कुठे? ट्रम्पकडे? त्यांना तर तिथे आधीच्या रिपब्लिकन उमेदवारापेक्षा फक्त पंधराएक हजार जास्त मिळाली. काही लोक शहर सोडून गेले, काही मतं तिसऱ्या पक्षांना गेली, आणि बरेच जण घरातून निघालेच नाहीत. ते कुठल्या रीलमध्ये दिसले नाहीत, कुठल्या सभेत मोजले गेले नाहीत. पण निकाल त्यांनीही ठरवला.

माझी मामेबहीण डेट्रॉइटजवळ राहते. तिकडची नागरिक आहे. पैज हरल्यावर तिला फोन केला. म्हणाली, "अरे, तीन महिने टीव्ही लावायची सोय नव्हती. दर ब्रेकला तेच दोन चेहरे. पत्रपेटीत रोज पत्रकांचा गठ्ठा, आणि फोनवर पैसे मागणारे मेसेज."

मी विचारलं, "मग ताई, मत कोणाला दिलंस?"

"ते नाही सांगणार. पण जाहिरात बघून नाही दिलं. शेवटच्या आठवड्यात शेजारच्या आजी दारात आल्या. मतदान कुठे आहे, कधी आहे, गाडीची सोय हवी का, एवढंच विचारून गेल्या. त्यांच्याशी मात्र मी दहा मिनिटं बोलले."

तिचा भाऊ कॅलिफोर्नियात. त्याच्या दारात कुणी आलं नाही. तिथला निकाल ठरलेला, मग पैसा कोण घालवणार?

आता महत्त्वाचा मुद्दा. हे ऐकून कुणी म्हणेल, पैशाने निवडणूक जिंकता येत नाही ना, मग होऊ दे खर्च, आपल्याला काय त्याचं! इथे मात्र थांबा. २०१० मध्ये 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला आणि कंपन्या, संघटनांना उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा खर्च करायची वाट मोकळी झाली. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्रम्प यांच्यासाठी पंचवीस कोटी डॉलरहून जास्त ओतले. त्यांच्यामुळेच ट्रम्प जिंकले, असं मी म्हणणार नाही. ते कोणीच सिद्ध करू शकत नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये सरकारी खर्चकपातीच्या मोहिमेचा चेहरा कोण होता? मस्क. ज्यांच्या कंपनीला त्याच सरकारची कंत्राटं आहेत, तेच मस्क.

म्हणजे पैशाने तुमचं मत विकत घेता येईलच असं नाही, पण निवडून आलेल्या माणसाच्या दालनात खुर्ची नक्की मिळते. शिवाय मैदानात उतरायचं कोणी, हेही बऱ्याचदा मतदानाआधी पैसाच ठरवून टाकतो. जो उतरूच शकला नाही, त्याला तुम्ही मत कसं देणार?

माझी चूक काय झाली, ते आता कळतंय. मी फोनवर निवडणूक बघत होतो. फोनवर दिसतो तो आकडा, गर्दी आणि आवाज. घरी बसलेला माणूस दिसत नाही, आणि दालनातली खुर्चीही दिसत नाही. म्हणून पुढच्या वेळी "अमुक उमेदवाराने इतके कोटी जमवले" अशी बातमी आली की मी तीन गोष्टी विचारणार. किती जणांनी दिले? कोणत्या राज्यात खर्च होणार? आणि देणाऱ्याला बदल्यात काय हवंय?

२०२८ ला मित्र पुन्हा पैज लावणार, हे नक्की. तेव्हा सभेच्या रील्स बघत बसणार नाही. आधी ताईला फोन करून विचारणार, "त्या आजी यंदा कुणासाठी दारोदार फिरतायत?"

तुमचा अंदाज कधी असा सपशेल चुकलाय का? आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!