कामावरची निष्ठा आणि घरचे घड्याळ



एक तक्रार आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. मुलगी हुशार असते, परीक्षेत वर येते, डॉक्टर किंवा इंजिनियर होऊन नागपुरात नोकरीही मिळवते. पण लग्न झाले, मूल झाले, की तिचे कामातले लक्ष उडते. मुलगा मात्र रात्री नऊपर्यंत कचेरीत बसतो. मग वरची जागा निघाली की साहेब त्याचेच नाव सुचवतात. ही तक्रार निव्वळ खोटी आहे असे मी म्हणणार नाही. बढतीवर परगावी जायला नकार देणाऱ्या बायका आहेतच. (पुरुषाने म्हाताऱ्या आईसाठी बदली नाकारली तर त्याला आपण मातृभक्त म्हणतो, ते असो.) प्रश्न असा, की निष्ठा मोजायची ती कोणत्या मापाने?

कमला भागवत, म्हणजे आपल्या दुर्गाबाईंची धाकटी बहीण, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागायला गेल्या. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटून बसल्या, तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे. आणि तिथल्या पुरुषांचे चित्त विचलित होऊ द्यायचे नाही! वर्षअखेर रामन यांची खात्री पटली आणि पुढे मुलींना त्या संस्थेचे दार उघडले. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. मराठी माणूस ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि डॉक्टरेटपाशी थांबतो. मला त्या अटीच अधिक बोलक्या वाटतात. शेजारच्या टेबलावरच्या तरुणाला आपली निष्ठा वर्षभर सिद्ध करून दाखवावी लागली नाही. ती त्याच्या ठायी आहे, असे गृहीतच धरलेले होते.

आज अशा अटी कुणी कागदावर घालत नाही. त्यांची जागा घड्याळाने घेतली आहे. जो उशिरा जातो तो निष्ठावान! पण उशिरा थांबता येते कुणाला? केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्यांपैकी बाईचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषाचा ८८. फरक तीन तास एकवीस मिनिटांचा. यात नोकरी न करणाऱ्या बायकाही आल्या हे खरे. पण नोकरी लागली म्हणून नवऱ्याने पोळपाट हाती घेतला, अशी घरे आपण बोटांवर मोजू. तो रात्री नऊपर्यंत बसतो, कारण घरी कुणीतरी सहालाच पोचलेले असते. मग त्या जास्तीच्या तासांत निष्ठा कुणाची किती?

अमेरिकेतल्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयावरच्या संशोधनासाठी. सारखे शिकलेल्या स्त्री-पुरुषांचे पगार आरंभी फारसे वेगळे नसतात. अंतर वाढते ते पहिल्या मुलानंतर. आणि जिथे अवेळी हजर राहणाऱ्यालाच भरघोस मोबदला मिळतो, त्या धंद्यांत ते सर्वांत जास्त.

आपल्या कायद्याने काय केले? २०१७ साली प्रसूतीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ केली. उत्तम झाले. पण त्या कायद्यात बापाला एक दिवसही नाही, आणि रजेच्या पगाराचा बोजा सगळा मालकावर. तेव्हा मुलाखतीला आलेल्या पंचविशीतल्या मुलीकडे पाहून मालक मनात काय हिशेब करील, ते व्यापारी मंडळींना सांगायला नको. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे केले. आता आपल्या पारशिवनीतल्या बँका, दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या डोळ्यांसमोर आणा. एका छपराखाली पन्नास माणसे किती ठिकाणी भरतील? पण चार-सहा कचेऱ्यांनी मिळून एक पाळणाघर चालवायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. त्याची वर्गणी बापांनी भरावी, आणि संध्याकाळी मूल आणायला आठवड्यातून तीन दिवस त्यांनीच जावे.