समुद्राची उष्णता आणि नळांची मालकी



डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरील एस्बियर्ग या बंदरात कोळशावर चालणारे केंद्र २०२४ मध्ये बंद झाले. त्यात तापलेले पाणी जमिनीखालच्या नळांनी घरोघर जात असे. नळ तेच राहिले. पाणी तापवण्याच्या कामात मोठा वाटा आता समुद्र उचलतो. थंडगार समुद्रातून उष्णता कशी मिळावी? घरातला फ्रिज आतली उष्णता उपसून मागच्या जाळीवाटे बाहेर टाकतो. तेच काम प्रचंड प्रमाणावर करणारे यंत्र म्हणजे हीट पंप. एस्बियर्गच्या पंपांची क्षमता ७० मेगावॅट आहे. सुमारे २५ हजार घरांची गरज त्यातून भागू शकते. अशा यंत्राला एक एकक वीज दिली की साधारणतः तीन एकके उष्णता मिळते.

यात जादू नाही, आणि हिशेब डोळ्यांआड करूनही चालणार नाही. कोळशाच्या १०० एककांतून वीज होते जेमतेम ३५ ते ४० एकके. तिच्यावर पंप चालवला तर हाती येणारी उष्णता चांगल्या बॉयलरपेक्षा फार अधिक नसते. खरा लाभ वाऱ्याच्या विजेचा. वारा जोरात असताना पंप चालवावेत, गरम पाणी मोठ्या टाक्यांत साठवावे आणि वीज महागली की ते वापरावे, अशी ही व्यवस्था आहे.

परंतु टाक्या, नळ आणि पंप यांत गुंतलेले भांडवल सुटायला दशके लागतात. झटपट नफ्यावर डोळा असलेले भांडवल तिकडे सहसा फिरकत नाही. १९७३ च्या तेलसंकटात डेन्मार्क जवळजवळ पूर्णतः आयात तेलावर अवलंबून होता. त्या धड्यातून १९७९ चा उष्णतापुरवठा कायदा आला. उष्णतेच्या दरात आवश्यक खर्च तेवढाच धरावा, नफा नाही, हे त्याचे सूत्र. पुरवठा संस्था बहुतांशी नगरपालिकांच्या किंवा ग्राहकांच्या सहकारी मालकीच्या. त्यांच्या कर्जाला नगरपालिकेची हमी मिळते. एस्बियर्गची संस्थाही दोन नगरपालिकांच्याच मालकीची आहे.

स्टॉकहोमचा अनुभव निराळा. तेथील समुद्रजलावरचे विशाल पंप १९८० च्या दशकात, वीजपुरवठा नगरपालिकेकडे असताना उभे राहिले. पुढे निम्मी मालकी बाहेर गेली, आणि २०२१ मध्ये फोर्टम कंपनीने तो हिस्सा युरोपीय निवृत्तीवेतन निधींच्या गटाला विकला. पैसा कष्टकऱ्यांच्याच म्हातारपणाचा, पण तोही परतावा मागणारच!

महाराष्ट्रात घरे तापवावी लागत नाहीत. मात्र सहकारी दूध संघांत एकीकडे दूध थंड करताना त्यातली उष्णता हवेत सोडली जाते आणि दुसरीकडे पाणी तापवण्यासाठी बॉयलरमध्ये इंधन जळते. हीट पंप ही दोन्ही कामे एकाच विजेवर करू शकतो. मालकी येथे सभासदांचीच आहे. दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज आणि त्यामागे उभी राहणारी सार्वजनिक हमी, ही मागणी संघांच्या सर्वसाधारण सभांतून पुढे यावयास हवी.